तिघंही पार्सलच पोचवतात, मग युनियनचा फायदा एकालाच का?

पत्र: माझे यजमान देवास नाक्याजवळच्या एका कुरिअर कंपनीच्या हबमध्ये सात वर्षं सॉर्टिंगला आहेत, कंपनीच्या पक्क्या नोकरीत. माझा धाकटा भाऊ त्याच कंपनीची पार्सलं गाडीवर वाटतो, पण ठेकेदाराकडून. दीर अ‍ॅपवर जेवण पोचवतो. आता एक युनियन उभी राहतेय आणि तिघांकडूनही प्रवेशाचे २०० व महिन्याला ५० रुपये मागताहेत. सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते. ते म्हणतात, युनियनच्या नादी लागू नका, आमचं काय झालं ते बघा. त्यातच यजमानांना कंपनीनं टीम लीडरचं पत्र देऊ केलंय. तिघांनी काय करावं?
एक वाचक, सुदामानगर, इंदूर

ताई,

आधी सरळ उत्तर देतो. यजमानांनी सभासद व्हावं. भावानंही व्हावं, पण आधी कागद गोळा करावेत आणि मग पावती फाडावी. दिराचे पैसे मात्र या युनियनमध्ये वाया जातील, त्याची वाट निराळी आहे. एकाच घरात तीन उत्तरं निघतात, कारण तिघांच्या कमाईचा आकडा तीन वेगळ्या ठिकाणी ठरतो.

युनियनकडे स्वतःचे पैसे नसतात. मालकाच्या हातातून ते काढून घ्यायला तिला तीन गोष्टी लागतात. समोर बसलेल्या माणसाला दर वाढवण्याचा अधिकार आणि ऐपत, दोन्ही असायला हवं. आपण काम थांबवलं तर ते दुसरीकडून उरकता येता कामा नये. आणि त्या माणसाला बोलणी टाळता येऊ नयेत, इतकी कायद्याची पकड हवी. यातली एक जरी नसली तरी सभा होतात, घोषणा होतात, वर्गणी जमते आणि पगार होता तिथंच राहतो.

अमेरिकेत हे स्पष्ट दिसतं. यूपीएस या पार्सल कंपनीचे ड्रायव्हर आणि हबमधले लोक थेट कंपनीचे नोकर आहेत. त्यातले सुमारे ३ लाख ४० हजार जण टीमस्टर्स या एकाच युनियनमध्ये आहेत आणि देशभरासाठी एकच करार होतो. १९९७ मध्ये त्यांनी १५ दिवस संप केला, तेव्हा अर्धवेळ कामं जोडून १० हजार पूर्णवेळ नोकऱ्या करण्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. २०२३ मध्ये संपाच्या नुसत्या तयारीवर करार झाला आणि ऑगस्टमध्ये ८६.३ टक्के मतांनी मंजूर झाला. अर्धवेळ कामगाराचा दर तासाला किमान २१ डॉलर झाला, नव्या गाड्यांना एसी बसवण्याचंही ठरलं. फेडेक्सची पार्सलं तशीच आणि गल्ल्याही त्याच. पण तिच्या ग्राउंड विभागाचे ड्रायव्हर छोट्या छोट्या ठेकेदारांकडे नोकरीला असतात. एक्स्प्रेस विभाग रेल्वे आणि विमान कंपन्यांसाठीच्या कायद्याखाली येतो. त्यात एका गावातल्या लोकांनी युनियन करून भागत नाही, त्या प्रकारचं काम करणाऱ्या देशभरातल्या कामगारांचं बहुमत एकदम मिळवावं लागतं. त्याच फेडेक्सच्या वैमानिकांची मात्र युनियन आहे, कारण त्यांची संख्या आवाक्यात आहे आणि विमान उडवायला दुसऱ्या दिवशी नवा माणूस मिळत नाही.

यूपीएसमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही. अ‍ॅमेझॉनचं काम निम्म्याहून कमी करायचं ठरवल्यावर एप्रिल २०२५ मध्ये कंपनीनं २० हजार नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलं. करारानं दर बांधून मिळतो, पार्सलांची संख्या बांधून मिळत नाही.

काम दुसरीकडे वळवता येणं म्हणजे काय, हे आपल्या माणसांना नव्यानं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघत राहिलं. पार्सलाच्या धंद्यात कामगाराची बाजू इथे थोडी बळकट आहे, कारण इंदूरच्या राजवाडा बाजारातल्या दुकानाचा डबा राजवाड्यातच द्यावा लागतो. काम इंदुराबाहेर नेता येत नाही, पण माणूस बदलता येतो. मोबाइलवर नकाशा बघून वाटप करणारा नवा मुलगा दोन दिवसांत तयार होतो. हबमधल्या रात्रीच्या सॉर्टिंगचं तसं नाही. कुठला पिनकोड कुठल्या पिंजऱ्यात, शहराबाहेर माल नेणारी कुठली लाइनहॉल गाडी किती वाजता सुटते, हे हाताला बसलेले वीस-पंचवीस लोक एका रात्री नसले तर सकाळच्या सगळ्या रनशीट, म्हणजे वाटपाच्या याद्या, अडतात. यजमानांची ताकद तिथे आहे.

आता कायद्याकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या कायद्याच्या पुस्तकावरून कुणी समजावत असेल तर सावध राहा. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे किमान ७ जणांनी युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायचा असतो. सभासद मात्र एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तितके तरी हवेत. हबमध्ये १६० जण असतील तर १६ पुरतात. पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, आणि बहुतेक नव्या युनियन इथेच फसतात. एकाहून जास्त युनियन असतील तर कंपनीच्या हजेरीपटावरच्या कामगारांपैकी ५१ टक्के जिच्याकडे आहेत तिच्याशीच कंपनीला वाटाघाट करावी लागते. तेवढे कुणाकडेच नसले तर किमान २० टक्के असलेल्या युनियनांची मिळून परिषद बनते. म्हणून ५० रुपये देण्याआधी यजमानांनी विचारावं, ‘आमच्या हबच्या हजेरीपटावरचे किती जण सभासद झालेत?’ शहरात अमुक हजार सभासद आहेत, या उत्तराचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न पावतीचा. रोख वर्गणी, छापील पावती नाही, बँकेत युनियनच्या नावाचं खातं नाही, अशा ठिकाणी पैसे देऊ नयेत. श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे. नोंदणीचा अर्ज झालाय का, नियमावली दिलीय का, हे तिथे जाऊन विचारता येतं, आणि अर्जाचा नवा नमुनाही तिथूनच घ्यावा.

मागण्या कमी ठेवाव्यात. बावीस मागण्यांचं पत्र दिलं की कंपनी त्यातल्या किरकोळ पाच मान्य करून फोटो काढते. हबसाठी पहिल्या वर्षी तीन-चार मागण्या पुरतात, आणि त्यांतल्या दोन तर कायद्यानं आधीच मिळायला हव्यात. जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट, ही पहिली. हरवलेल्या पार्सलाची कापणी बंद, ही दुसरी. शॉर्टेज निघालं की पूर्ण शिफ्टच्या पगारातून वाटून कापायची रीत अनेक हबमध्ये आहे. वेतन संहितेप्रमाणे नुकसानीची कापणी फक्त ज्याच्या ताब्यात तो माल दिला होता त्याच्याकडून करता येते, तीही त्याचा हलगर्जीपणा असेल आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली असेल तरच. सोळा जणांच्या पगारातून सारखे ३०० रुपये कापले असतील तर ते या चौकटीत बसतच नाही. तीन महिन्यांच्या पावत्या जुळवल्या की हा मुद्दा एका बैठकीत मांडता येतो, आणि पहिला विजय असा लहान, कागदावर सिद्ध होणारा असला की बाकीचे लोक जवळ येतात. पगारवाढ त्यानंतर मागावी, आणि माणशी किती, महिन्याला एकूण किती, असा हिशोब मांडून.

संपाची भाषा मात्र पहिल्या दिवशी नको. संहितेत संपाआधी नोटीस बंधनकारक आहे. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही, आणि समेटाची बोलणी सुरू असताना व संपल्यावर ७ दिवस तर नाहीच. ‘संप नको, सगळे एकाच दिवशी रजा टाकू’ असं कुणी सुचवेल. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एका दिवशी रजा घेतली तर कायदा तिला संपच मानतो, आणि नोटिशीशिवाय तो बेकायदा ठरतो. दसरा-दिवाळीच्या सेलचा लोड सुरू झाल्यावर दबाव आणायचा विचार म्हणूनच उशिराचा असतो. मागणीपत्र जुलैत द्यावं, म्हणजे कंपनी हंगामी भरतीचा हिशोब करते त्याच सुमारास बोलणी टेबलावर असतात.

आता तुमच्या भावाविषयी. त्याचं प्रकरण सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तो युनियनमध्ये गेला तर कायद्यानं समोर बसेल तो ठेकेदार. त्याला कंपनीकडून पार्सलमागे ठरावीक दर मिळतो. समजा १८ रुपये मिळतात आणि तो १३ तुमच्या भावापर्यंत पोचवतो. उरलेल्या ५ रुपयांत पीएफ, ईएसआय (कामगार विमा), सुपरवायझर आणि त्याचा नफा. तो मनात आणूनही १६ देऊ शकत नाही. १८ चे २१ करू शकते ती कंपनी, आणि ती म्हणणार, ही माणसं आमची नाहीत. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेल इथे अ‍ॅमेझॉनचं वाटप करणाऱ्या एका ठेकेदाराच्या ८४ ड्रायव्हरांनी टीमस्टर्सचं सभासदत्व घेतलं. ठेकेदारानं युनियन मानली, करारही केला. अ‍ॅमेझॉनचं म्हणणं पडलं की त्या ठेकेदाराचा ठेका आपण आधीच संपवायला काढला होता. ठेका गेला, आणि हातातला करार राबवायला मालकच उरला नाही. भावाच्या बाबतीत भीती हीच आहे.

म्हणून त्याच्या युनियनचं पहिलं लक्ष्य दर नसावं. खरा मालक कोण, हे कागदावर आणणं हे लक्ष्य असावं. सेल (स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया) या सरकारी कंपनीच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ठेका पद्धत बंद केली म्हणून ठेक्यावरचा कामगार आपोआप कायम होत नाही. पण ठेका नुसता नावापुरता असेल, तर तो मुख्य मालकाचाच कामगार मानता येतो. नावापुरता आहे हे दाखवायचं कसं? रोजची रनशीट कोण देतं, हजेरी कुणाच्या अ‍ॅपवर लागते, ओळखपत्रावर आणि शर्टावर नाव कुणाचं, रजा कोण मंजूर करतं, पार्सल उशिरा गेलं तर दंड कोण लावतं, कामावरून कोण काढतं. या सगळ्यांवर कंपनीच्या माणसाची सही, मेसेज किंवा स्क्रीनशॉट असेल तर तो जपून ठेवावा. तोही कंपनीनं दिलेल्या फोनवर नको. काढून टाकलं की तो फोन पहिल्यांदा परत घेतात.

आणखी एक गोष्ट त्याला आजच बघायला सांगा. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर टाकून पीएफचं पासबुक काढावं. त्यात दर महिन्याच्या जमेसोबत आस्थापनेचं नाव असतं. अकरा-बारा महिन्यांनी नाव बदललेलं दिसलं, आणि काम, गाडी, रूट, सुपरवायझर तेच राहिले असतील, तर ठेकेदार कागदावर फिरवले जाताहेत. त्यानं सेवा तुटक दिसते आणि ग्रॅच्युइटीसारखे सलग सेवेवर मिळणारे हक्क निसटतात. पण तेच पासबुक उलट वापरता येतं. माणूस तोच, जागा तीच आणि नावं तीन, हा ठेका नावापुरता असल्याचा चांगला पुरावा आहे. असे आठ-दहा जणांचे पासबुक एकत्र ठेवले की प्रकरण एकट्याचं राहत नाही.

ईएसआयचंही तसंच. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले जायला हवेत. १६ हजारांवर कापणी १२० रुपयांची आणि मालकाचा हिस्सा ५२० रुपयांचा. काही ठेकेदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून काढतात. पावतीवर ६४० कापलेले दिसले तर ते चूक आहे. गाडीवर फिरणाऱ्या माणसाला ही रक्कम फार मोलाची आहे. कामावर अपघात होऊन घरी बसावं लागलं तर वेतनाच्या ९० टक्के दरानं भरपाई मिळते आणि नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार होतात. आधी नंबर चालू आहे का ते तपासावं. अपघात झाल्यावर तपासून उपयोग नाही.

ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य कंपनीला तो द्यावा लागतो. हे तत्त्व १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितांतही आहे. तेव्हा भावानं तक्रार लिहिताना ठेकेदार आणि कंपनी, दोघांची नावं घालावीत. एकाचंच घातलं की दुसरा सुटतो. आणि मोकळेपणानं सांगायचं तर यजमानांची युनियन ठेक्यावरच्या लोकांना सोबत घेणार नसेल, तर उद्या त्यांच्या जागीही ठेक्यावरचे लोक येतील. हबमधल्या पक्क्या लोकांच्या मागणीपत्रात ‘ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहतील’ एवढं एक कलम घातलं, तर भावाला त्याच्या स्वतःच्या युनियनपेक्षा त्याचा जास्त फायदा होईल. नव्या युनियनच्या पुढाऱ्यांना हे कलम घालणार का, असं थेट विचारा. उत्तर टोलवलं तर भावानं पावती फाडू नये.

दिराचं. त्याच्याकडे तीनपैकी जवळजवळ एकही गोष्ट नाही. त्याचा दर कुठल्या माणसाच्या सहीनं बदलत नाही, रेट कार्ड रात्रीतून बदलतं. तो थांबला तर ऑर्डर शेजारच्या मुलाकडे जाते. आणि कंपनीच्या कागदावर तो कामगार नसून भागीदार आहे. त्यामुळे लॉगआउट करायला नोटीस लागत नाही, पण आयडी बंद झाला तर दाद मागायला दारही सापडत नाही. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली-गुरुग्राम भागात ब्लिंकिट या किराणा पोचवणाऱ्या अ‍ॅपच्या मुलांनी ऑर्डरमागचा किमान दर २५ वरून १५ रुपयांवर आणल्याबद्दल काम थांबवलं. दुकानं काही दिवस बंद राहिली, नवी पद्धत तशीच राहिली. ब्रिटनमध्ये जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरू अ‍ॅपच्या रायडरांची युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरली. रायडर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो, म्हणजे हे नोकरीचं नातं नाही, हे तिथं आड आलं.

मग त्यानं हात बांधून बसावं का? मुळीच नाही. त्याच्या कामात फायदा सरकारकडून कायदा करून घेण्यात आहे. महाराष्ट्रात हमालांनी हेच केलं. एक मालक नाही, रोज दुसऱ्या गाळ्यावर काम, तरी १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळ झालं, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा आकार, मालकानं मंडळात भरायची असं ठरलं. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकानं २०२५ मध्ये अ‍ॅपवरच्या कामगारांसाठी त्याच धर्तीचे कायदे केले. कर्नाटकात आयडी बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे आहेत, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. त्या निधीतून काही मिळायचं तर नोंद हवी, म्हणून केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म (अ‍ॅपवरचा) कामगार म्हणून नाव घालावं. नोंदणी फुकट आहे, तिचे कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आणि रायडरांचीच संघटना असेल, जिचं मागणं हबचं नसून असा राज्याचा कायदा हे असेल, तिचं सभासदत्व त्यानं घ्यावं.

तोपर्यंत त्यानं स्वतःचा हिशोब लिहावा. समजा दिवसाला ९०० रुपये आले, ११ तास लॉगिन होतं, गाडी ११० किलोमीटर फिरली. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर मिळून किलोमीटरला ३ रुपये धरले तर ३३० गेले. हातात ५७०, म्हणजे तासाला ५२ रुपयांच्या आसपास. रेट कार्डाचे आणि दिवसाच्या कमाईचे स्क्रीनशॉट सोबत ठेवावेत. संघटनेनं सरकारपुढे काही मांडायचं म्हटलं तर पहिल्यांदा हेच मागितलं जातं.

सासऱ्यांचं दुःख खरं आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ ला सुटले. मधल्या ३२ वर्षांत कितीतरी माणसं गेली. पण ते पैसे सुटले ते कामगार एकत्र राहून न्यायालयात दावा धरून बसले म्हणून. एकट्या माणसानं इतकी वर्षं वकील लावला नसता. बंद पडणारा कारखाना युनियन वाचवू शकत नाही, एवढं मात्र त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच यजमानांनी थकबाकी साठू देऊ नये. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला नाही तर लगेच लेखी मागावा, आणि पीएफची जमा दर महिन्याला पासबुकात बघावी.

राहिलं टीम लीडरचं पत्र. बढती वाईट नाही, पण तिची वेळ बघा. नव्या संहितेत देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८ हजारांहून जास्त वेतन घेणारा माणूस कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. तसं झालं तर यजमान वाटाघाटीतून आणि कामावरून काढल्यास मिळणाऱ्या संरक्षणातून, दोन्हींतून बाहेर जातील. युनियन उभी राहताना तिच्यातल्या चलाख माणसाला असं पत्र मिळणं नवं नाही. मात्र नुसत्या पदनामानं काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम बघितलं जातं. तेव्हा सही करण्याआधी कामाचं स्वरूप लेखी मागावं. रजा मंजूर करणं, कारणे दाखवा नोटीस देणं, माणसं लावणं-काढणं त्यात असेल तर ती देखरेख आहे. पिंजरे मोजणं, स्कॅनिंग आणि शिफ्टचा हिशोब लिहिणं एवढंच असेल, तर पद काहीही असलं तरी ते कामगारच राहतात. आठ दिवसांची मुदत मागायला हरकत नाही. त्या आठ दिवसांत पगारातला फरक किती, आणि रात्रपाळी भत्ता व दुप्पट ओव्हरटाइम बंद होऊन हातात येणारी रक्कम खरंच वाढते का, हे मागच्या सहा पावत्या समोर ठेवून काढा.